करदोट्याला बांधलेली किल्ली

माझी नात तीन वर्षांपासून परदेशात नोकरी करते. गेल्या महिन्यात ती फोनवर म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण तर बाहेरूनच आले होते न जबलपूरला? मग तुम्हाला इथलं वाटायला किती टाइम लागला?" तिचे मराठी असे आहे. या शहरात वाढलेल्या तिसऱ्या पिढीचे असेच असणार. मी तिला म्हटले, विचार करून सांगतो. असल्या गोष्टी फोनवर बोलण्याची मला सवय नाही. लिहिण्याची थोडी आहे, तेव्हा लिहितो.

जबलपुरात मी कायमचा राहायला आलो नव्हतो. वारणेकाठी आमची जमीन थोडी आणि भाऊ चौघे. मी तिसरा. मॅट्रिक झालो, सांगलीत एका वर्कशॉपात वर्षभर लेथवर हात बसवला, आणि संरक्षण खात्याच्या कारखान्यांत माणसे घेत आहेत असे कळल्यावर अर्ज केला. चीनशी युद्ध होऊन गेले होते. देशाला दारूगोळा हवा होता आणि मला नोकरी. चार-पाच वर्षे काढायची, मग बदली मागून पुण्याकडच्या एखाद्या कारखान्यात यायचे, असा बेत होता. भुसावळपर्यंत डब्यात मराठी ऐकू येत होते. इटारसी सोडल्यावर ते थांबले. तिथून जबलपूर येईपर्यंत मी कोणाशी बोललो नाही.

शहरातल्या गोहलपुर भागात एका माडीवर खोली मिळाली. खाली पत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्याचे दुकान होते. दिवस उजाडला की हातोडी सुरू होई. खोलीत माझ्याबरोबर दमोहकडचा एक जण होता. तो माझ्याच विभागात कामाला, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मी त्याला भैया म्हणे. तो मला मराठा म्हणे, आणि त्याच्यामुळे पुढे सगळा विभाग तेच म्हणू लागला. ज्वारी तिथे मिळत नसे. भैयाने मला गव्हाची रोटी लाटायला शिकवली. मी एकदा आमच्या पद्धतीने आमटी केली, तेव्हा पहिला घास घेऊन तो थांबला.

"दाल में गुड़?"

"हां."

"मराठा, ये दाल है कि बरफी?"

तरी त्याने ताट स्वच्छ केले.

विभागाचा चार्जमन, म्हणजे आमच्या कामावर देखरेख करणारा, मराठी आहे हे कळल्यावर मला बरे वाटले होते. ते फार टिकले नाही. त्याचे पूर्वज मराठेशाहीच्या काळात चाकरीला म्हणून इकडे आले आणि इथेच राहिले. त्याने पहिल्याच दिवशी मला विचारले, "काय करून राहिला बे तिथं उभा?" मला ती शिवी वाटली. पुढे समजले की हे त्याचे साधे बोलणे आहे. माझे मराठी त्याला तितकेच परके वाटे. तो इतरांना सांगे, "हा छापलेल्या कागदावानी बोलते." म्हणजे हिंदी येत नव्हती आणि मराठी चालत नव्हते. मी कमी बोलू लागलो. ती सवय पुढे राहिली.

नोकरी तात्पुरती होती. वर्ष झाले की काहींना कायम करत आणि उरलेल्यांना घरी पाठवत. कायम झालेल्याला कारखान्याचे क्वार्टर मिळे. माझ्या लग्नाला दीड वर्ष झाले होते. त्यातला जेमतेम एक महिना आम्ही एकत्र काढला होता. पत्नी गावी, थोरल्या भावाच्या घरात. ती काही मागत नसे. दर पत्राच्या शेवटी फक्त विचारी, "यादी लागली का?" तेव्हा माझे सारे काही त्या यादीवर अवलंबून होते.

कारखाना शहराबाहेर, टेकड्यांच्या पलीकडे. माझी नेमणूक भरणीत झाली. तिथे गोळ्यांत दारू भरत. लेथचा अनुभव तिथे निरुपयोगी होता, पण माणसांची गरज तिथेच होती. भरणीच्या इमारती एकमेकींपासून दूर, मधे मातीचे उंच बंधारे. एक उडाली तर शेजारची राहावी म्हणून. हे आम्हाला पहिल्या दिवशी समजावून सांगितले गेले, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात काही फरक पडला नाही.

इमारतीत शिरण्याआधी कपडे बदलण्याची एक बराक होती. तिला सगळे शिफ्टिंग म्हणत. तिच्या मधोमध गुडघ्याएवढी उंच लाल फळी आडवी बसवलेली होती. फळीच्या अलीकडे आपले कपडे, चपला, घड्याळ, विडीकाडी, सर्व काढून ठेवायचे. पलीकडे गेले की कारखान्याचे बिनखिशाचे, बिनबटणांचे कपडे आणि बिनखिळ्यांचे जोडे घालायचे. मग तलाशीवाला अंगावरून हात फिरवी आणि आत सोडी. लोखंड आत नेणे हा तिथला सर्वांत मोठा गुन्हा. ठिणगी पडायला टाचणी पुरे.

आता किल्लीविषयी. आमच्याकडे पुरुषाच्या कमरेला काळा करदोटा असतो. लहानपणी बांधतात, झिजला की नवा बांधून मग जुना तोडतात. कंबर मोकळी ठेवत नाहीत. माझे वडील धान्याच्या कोठीची किल्ली करदोट्याला बांधत आणि अंघोळीलाही सोडत नसत. गोहलपुरातल्या आमच्या खोलीचे दार धड लागत नव्हते, म्हणून मी खालच्या दुकानातून एक पेटी घेतली. तीत माझे दाखले, नेमणुकीचा कागद आणि पत्नीची पत्रे ठेवली. किल्ली करदोट्याला बांधली. त्यासाठी विचार करावा लागला नाही. भैया विचारी, "पेटी में रानी बैठी है क्या?"

कामावर आलो की फळीच्या अलीकडे गाठ सोडायची आणि किल्ली उजव्या चपलेत ठेवायची, असा माझा नेम होता. दहा महिन्यांत तो एकदाही चुकला नाही.

पासष्टच्या पावसाळ्याच्या अखेरीस पाकिस्तानशी युद्ध सुरू झाले. आठ तासांची पाळी बारा तासांची झाली. सुट्ट्या बंद झाल्या. घराघरांत दिव्यांना काळे कागद लागले. भरणीत कोणी युद्धाविषयी बोलत नसे. खोकी किती गेली आणि किती जायची आहेत, एवढेच बोलणे. कायम करायच्या माणसांची यादी त्याच महिन्यात लागायची होती. चार्जमनने मला बाजूला घेऊन सांगितले, "तुझं नाव आहे. मी सोता पाहिलं." मी पत्नीला लिहिले, तयारीला लाग.

त्यानंतर आठवड्याच्या आत ते घडले.

त्या सकाळी शिफ्टिंगमध्ये गाठ सुटेना. अंघोळ करून मी तसाच सायकलवर बसलो होतो. करदोटा ओला राहिला होता आणि सुताची ओली गाठ आवळून बसते. मागे रांग होती. मी किल्ली सरकवून पाठीमागे, लंगोटाच्या पट्टीआड केली. आधी कपडे उतरवावेत, मग निवांत गाठ सोडावी, असे ठरवले. कपडे उतरवले. भैया मागून म्हणाला, "चलो मराठा, जंग तेरे लिए रुकेगी नहीं." रांग सरकली. मी फळी ओलांडली आणि पलीकडचे कपडे चढवले.

तलाशीवाला वयस्क होता, अलाहाबादकडचा, पाच मुलांचा बाप. बारा तास तोही उभा राहत होता. त्याचा हात काखेतून बरगड्यांवर आला आणि तिथून मांड्यांवर गेला. लंगोटाच्या पट्टीमागे कोणी कोणाचे चाचपत नाही.

तासाभराने मी वजनकाट्यावर वाकलो आणि पाठीच्या कण्याच्या टोकाला लोखंड टेकले.

त्या क्षणी काय वाटले ते मी सांगणार नाही. काय दिसले ते सांगतो. खोलीत माझ्याशिवाय नऊ माणसे होती. दोन टेबलांच्या मधून वाट होती. दार वीस पावलांवर होते. लघवीला जातो म्हणून सांगितले की बाहेर सोडत असत. शिफ्टिंगमध्ये जाऊन किल्ली चपलेत टाकून परत आलो असतो तर कोणालाही काही कळले नसते आणि यादीतले नाव जागच्या जागी राहिले असते. हे मला नंतर सुचले नाही, तेव्हाच सुचले. पण सकाळी गाठ ओली होती म्हणून घट्ट होती. आता ती सुकली होती. सुकलेल्या सुताचा मला भरवसा वाटेना. वीस पावलांत किल्ली सुटली असती तर ती जमिनीवर पडणार होती, आणि त्या जमिनीवर दारूची धूळ नेहमीच असे.

मी हातातले भांडे ठेवले. हात वर केला. म्हणालो, "मेरे पास लोहा है. चाबी है, कमर में."

कोणी ओरडले नाही. चार्जमन दाराशी होता. तो म्हणाला, "हिलना मत." मग बाकीच्यांना म्हणाला, "चलो. एक के पीछे एक. दौड़ना नहीं." माणसे हातातले ठेवून निघाली. भैया शेवटी होता. जाताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

चार्जमन ओले फडके घेऊन माझ्यापाशी आला. एकटाच आला, त्याला येण्याची गरज नव्हती. फडके त्याने किल्लीभोवती गुंडाळले, माझा हात धरून तो गोळा माझ्या मुठीत दिला आणि मराठीत म्हणाला, "चाल. मी मागून येऊन राहिलो." पाठीमागे मूठ धरून मी ती वीस पावले चाललो. बंधाऱ्याआड गेल्यावर त्याने शिफ्टिंगमधून ब्लेड मागवून करदोटा कापला. बारशापासून कधी मोकळी न राहिलेली माझी कंबर त्या दिवशी मोकळी झाली.

जमीन धुऊन तपासेपर्यंत इमारत बंद राहिली. अर्धी पाळी बुडाली. युद्ध चालू असताना. माणसे एका कडुनिंबाखाली उभी होती. मी थोड्या अंतरावर उभा राहिलो. पहिल्यांदा भैया बोलला.

"वाह मराठा. आज तो तूने सबका टिकट कटा दिया था."

"वापस भी तो उसी ने कराया," दुसरा एक जण म्हणाला.

"पेटी गोहलपुर में, चाबी कमर में," भैया म्हणाला, "और अकल? वो कहां रखी थी, गांव में?"

दोघे-तिघे हसले. मला त्या हसण्याचा राग आला नाही.

मग चार्जमन आला आणि मला बाजूला घेऊन गेला.

"काहून बोल्ला?"

"चूक झाली होती."

"ते मले दिसलं. लघवीचं नाव सांगून बाहेर गेला असता तर भागलं नसतं काय?"

"भागलं असतं."

"मंग?"

"दार वीस पावलांवर होतं."

"यादीतून जाईन नाव तुझं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"नोकरीही जाऊ शकते."

"तेही माहीत आहे."

"अच्छा," तो म्हणाला आणि गेला.

चौथ्या दिवशी चौकशी झाली. चौकशीचे साहेब दक्षिणेकडचे होते. त्यांची हिंदी माझ्यापेक्षा फार चांगली नव्हती, म्हणून चार्जमनला मधे बसवले. बाहेर बाकावर तलाशीवाला बसला होता. मधल्या तीन दिवसांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मी आत काय सांगतो यावर त्याची नोकरी होती. त्याने नीट तपासले नाही, एवढे मी म्हटले असते तर ते खोटे ठरले नसते आणि माझा गुन्हा निम्मा झाला असता.

साहेबांनी विचारले, करदोटा म्हणजे काय. चार्जमनने सांगितले. साहेबांनी नुसती मान हलवली. त्यांच्या मुलखातही पुरुष कमरेला दोरा बांधतात, कोणी चांदीचाही बांधतात, हे मला फार वर्षांनी कळले.

"तलाशी झाली होती?"

"झाली होती."

"मग किल्ली सापडली का नाही?"

"ती जिथे होती तिथे मीही परक्या माणसाला हात लावला नसता," मी म्हणालो. "ती तिथे मी सरकवली होती. चूक माझी आहे."

"आणखी काही सांगायचे आहे?"

"नाही."

साहेबांनी चार्जमनकडे पाहिले. चार्जमनने हिंदीत सांगितले, "साहब, ये इतना ही बोलता है."

नोकरी गेली नाही. भरणीतून काढून मला आवारात रिकामी खोकी वाहण्याच्या कामावर घातले. यादीतले नाव खोडले. तलाशीवाल्याला ताकीद देऊन सोडले. बाहेर आलो तेव्हा तो बाकावरून उठला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पुढे निघालो; खोकी वाट पाहत होती.

युद्ध थांबले आणि यादी लागली. भैयाचे नाव तीत होते. संध्याकाळी तो खव्याची जलेबी घेऊन आला आणि पान माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "खा ले. मुंह मत लटका." मी खाल्ली. चांगली होती. मग पत्नीला पत्र लिहायला बसलो. "यादीत नाव नाही. चूक माझी आहे. लोखंडाची किल्ली आत गेली. क्वार्टर मिळणार नाही. तूर्त येऊ नये."

दहा दिवसांनी उत्तर आले. तिने एकच गोष्ट विचारली होती. "किल्ली कोणी पकडली की तुम्ही सांगितलीत?"

मी लिहिले, "मी सांगितली."

त्यावर तिचे पत्र आले नाही. तार आली. ती निघाली होती.

जबलपूरच्या अलीकडच्या मदन महल स्टेशनावर मी आणि भैया तिला घ्यायला गेलो. तिच्याबरोबर गावचा एक रेल्वेतला माणूस होता. तिला उतरवून तो पुढे गेला. एक वळकटी, एक पिशवी आणि ज्वारीचे एक ठिके. भैयाने ठिके उचलले आणि तो वाकला. "भाभीजी, गांव की मिट्टी भी साथ ले आईं क्या?" तिला हिंदी कळत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, जड आहे म्हणतो. ती त्याला मराठीत म्हणाली, "मग दोघं मिळून धरा." त्याला ते कळले. आम्ही दोघांनी धरले.

रिक्षात तिने विचारले, "किल्ली कुठं असते आता?"

"खुंटीला."

"बरं," ती म्हणाली. या विषयावर आमचे इतकेच बोलणे झाले. पुढच्या आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही.

भैया क्वार्टरमध्ये गेला आणि खोली आमची झाली. खालच्या पेटीवाल्याच्या बायकोकडून पत्नी चार महिन्यांत हिंदी शिकली. बाजारात ती भांडू लागली, तेव्हा मी ओळखले की तिचे बस्तान बसले. भांडायला भाषा पुरी लागते. माझी अजून तेवढी नाही. दुपारी ती पेटीवाल्याच्या बायकोला भाकरी थापायला शिकवी आणि तिच्याकडून पराठे शिके. मी आवारात खोकी वाहत होतो. दोन वर्षे वाहिली. त्यांतले एकही उलटे ठेवले गेले नाही. कोणी तपासत नव्हते. मी तपासत होतो.

त्यानंतर तलाशीवाला निवृत्त झाला. त्याची जागा कोणी मागेना. ते काम हलके समजले जाई. त्यात हुन्नर नाही, बढती नाही, आणि रोज सगळ्यांचे शिव्याशाप. चार्जमन एके दिवशी आवारात आला.

"त्या चौकशीच्या साहेबांनी तुझं नाव घेतलं. तलाशीवर. कायम करून राहिले."

"साहेबांनी?"

"मी तं काही नाही बोल्लो. ते म्हणे, हात कुठं पोचत नाही हे त्या मराठ्याले मालूम आहे. करशीन काय?"

"करीन. एक अट आहे."

"अट? अबे, नोकरी तुले भेटून राहिली की सरकारले?"

"रोज पहिली तलाशी माझी व्हावी. तुम्ही घ्यायची. मग मी बाकीच्यांची घेईन."

तो हसला. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी वेळेवर आला. त्याने माझी तलाशी घेतल्यावाचून मी रांगेला कधी हात लावला नाही.

मी ते काम माझ्या पद्धतीने केले. आधी विचारायचे, मग चाचपायचे. नव्या माणसाला मी त्याचे गाव विचारी आणि मग तिकडचा पुरुष अंगावर काय वागवतो ते विचारी. हे मला कोणी शिकवले नव्हते. मी स्वतःवरून शिकलो होतो. जी वस्तू माणूस सतत अंगावर वागवतो, तिची त्याला आठवण राहत नाही. कोणाच्या दंडाला तांब्याचा ताईत. कोणाच्या जानव्यात अंगठी अडकवलेली. एकाच्या मधल्या बोटात शनीची लोखंडी अंगठी इतकी रुतलेली, की ती कापून काढावी लागली. तो रडला, मी त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत आत सोडले नाही. रीवाकडच्या एकाने चार वेळा शपथ घेतली की अंगावर काही नाही. त्याच्या आईने दृष्ट लागू नये म्हणून लंगोटाच्या शिवणीत खिळा शिवला होता. त्याला स्वतःला ते माहीत नव्हते.

लोक चिडत. "मराठा, लाइन दमोह तक पहुंच गई," भैया ओरडे. मी त्याला इतरांपेक्षा जास्त वेळ चाचपी. त्याच्या कानामागे विडी दोनदा सापडली. दोन्ही वेळा मी त्याला घरी पाठवले. त्याच्या बायकोने माझ्या बायकोशी महिनाभर अबोला धरला आणि मग आपणच होऊन सोडला. कुरकुर कमी झाली नाही, पण लोक रांगेत उभे राहतानाच गाठी सोडू लागले. माझ्या काळात त्या फळीपलीकडे लोखंड गेले नाही. हे मी कधी कोणाला सांगितले नाही. लिहायला बसलो आहे म्हणून लिहिले.

कायम झाल्याबरोबर मी ठरल्याप्रमाणे बदलीचा अर्ज केला होता. पुण्याकडे. अर्ज पडून राहिला आणि मीही त्याच्या मागे लागलो नाही. एकाहत्तर साली, पुन्हा युद्धाची चिन्हे दिसू लागली तेव्हा, त्याचे उत्तर आले. बदली मंजूर. लेथवर, जुन्या कामावर. महिन्याभरात हजर व्हावे किंवा नकार कळवावा.

तोवर आम्हाला क्वार्टर मिळाले होते आणि दोन मुले झाली होती. मी कागद पत्नीच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला.

"तिथं काय काम?" तिने विचारले.

"लेथ."

"आणि इथं?"

"तलाशी."

"लेथ चालवायला दुसरं कोणी मिळेल त्यांना?"

"मिळेल."

"मग तुम्ही मला काय विचारताय?" ती म्हणाली आणि कणीक मळायला बसली. घरात तेव्हा दोन्ही पिठांचे डबे होते. त्या दिवशी कणीक होती.

नकाराचा कागद मी चार्जमनकडे नेऊन दिला. तो निवृत्तीला आला होता. चष्मा वर करून त्याने कागद वाचला.

"काहून बे? मुलूख नको झाला काय?"

"उद्या सत्तर नवीन माणसं येताहेत. सगळी बाहेरची."

"मंग?"

"त्यांतल्या एकाचीही आई मी पाहिलेली नाही."

मग त्याने कागदावर सही केली, शिक्का मारला आणि म्हणाला, "आमचे खापरपणजोबाही असंच काहीतरी सांगून राहिले असतीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टिंगबाहेर सत्तर माणसे उभी होती. साताऱ्याकडची तीन, ओरिसाची काही, बाकी गंगेच्या पट्ट्यातली. कोणी कोणाशी बोलत नव्हते. चार्जमनने आधी माझी तलाशी घेतली, कमरेपाशी नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ, आणि बाजूला झाला. मी फळीच्या पलीकडे उभा राहिलो. पहिला माणूस पुढे आला. विशीतला होता आणि जमिनीकडे पाहत होता. मी त्याला विचारले, गाव कुठले. त्याने सांगितले. मग विचारले, तुमच्याकडे माणसे अंगावर काय बांधतात. तो गोंधळला. असे त्याला तिथे कोणी विचारले नव्हते. मी थांबलो. घाई नव्हती. त्याने आठवून आठवून सांगितले, एकेक वस्तू, आणि सांगता सांगता त्याचा हात आपोआप गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला.

"काढ," मी म्हणालो. "चपलेत ठेव. संध्याकाळी तिथेच मिळेल."